जनुकांतून प्राण्यांचा इतिहास : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळेगावच्या जत्रेतलं पशुप्रदर्शन असो की दहावीचा वर्ग, प्राण्यांची जनुकं आणि उत्क्रांती हा विषय निघाला की तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं आम्ही रेंगाळलो आहोत. बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

उत्क्रांती लाखो वर्षांत घडते. मग आजच्या प्राण्याचं रक्त नाहीतर केस तपासून ती कशी कळणार?

पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या नकला समोर ठेवून पाठ शुद्ध केला. हातानं नकल करताना प्रत्येकाकडून थोडंफार इकडचं तिकडं होतं, आणि एकदा शिरलेला बदल त्या प्रतीवरून उतरवलेल्या पुढच्या सगळ्या पोथ्यांत जातो. म्हणूनच दोन पोथ्यांत तोच बदल त्याच ओळीत सापडला, तर त्या एकाच जुन्या प्रतीच्या वंशातल्या असं ओळखता येतं. डीएनएचंही असंच चालतं. चार अक्षरांचा हा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या उतरवला जातो, क्वचित एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल वंशजांकडे जातो. दोन प्राण्यांत सामायिक बदल जितके जास्त, तितका त्यांचा समान पूर्वज अलीकडचा. हे हिशेब आज संगणक करतो आणि त्यातून वंशवृक्ष उभा राहतो.

फांद्या कधी फुटल्या हे सांगणं अवघड. त्यासाठी बदलांचा वेग धरावा लागतो, आणि तो वेग जीवाश्मांशी किंवा भूगर्भातल्या एखाद्या ठाऊक घटनेशी ताडून बघावा लागतो. म्हणून बातमीत ‘अमुक लाख वर्षांपूर्वी’ असा एकच आकडा दिसला तरी मूळ शोधनिबंधात मोठा पल्ला दिलेला असतो. तो पल्ला वाचायची सवय लावून घ्यावी.

डीएनए बारकोडिंग म्हणजे काय? ते आपल्याकडं होतं का?

होतं. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे आणि त्याला पॉल हेबर्ट यांचं नाव दिलं आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या या शास्त्रज्ञानं २००३ साली सहकाऱ्यांसह एक कल्पना मांडली. प्राण्यांच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटा डीएनए असतो, साधारण सोळा-साडेसोळा हजार अक्षरांचा. त्यातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचला की बहुतेक प्राण्यांची प्रजाती ओळखता येते. एका प्रजातीच्या प्राण्यांत हा तुकडा जवळपास सारखा असतो, शेजारच्या प्रजातीत वेगळा.

फायदा कुठं होतो? जायकवाडीच्या जाळ्यात सापडलेलं बोटभर पिल्लू कोणत्या माशाचं, हे डोळ्यांनी सांगणं जाणत्यालाही जड जातं. अंडी, अळ्या, पिसाचा तुकडा, शिजवलेलं मटण, इथं तर डोळ्यांचा उपयोगच नाही. बारकोड तिथं चालतो. मात्र तो फक्त आईकडून येतो, आणि ही त्याची मोठी मर्यादा आहे. त्याबद्दल खाली गाईंच्या प्रश्नात.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

माशाचंच उदाहरण घेऊ. पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवतात. प्रयोगशाळेत तो प्रथिनं विरघळवणाऱ्या विकराच्या द्रावणात टाकून ५६ अंश सेल्सिअसला काही तास ठेवला की तुकडा दिसेनासा होतो, पाणी गढूळ होतं. प्रथिनं, मेद बाजूला काढून गार अल्कोहोल ओतलं की डीएनए खाली बसतो. नमुना भरपूर असेल तर बारीक पांढरी तंतूंची गुंतवळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. पहिल्यांदा बघणारे विद्यार्थी नळी उजेडात धरून फिरवत बसतात, त्यांना दोष देता येत नाही.

पुढं पीसीआर. हवा तो तुकडा निवडून यंत्रात त्याच्या नकला काढायच्या : ९५ अंशांना दोन धागे सुटे करायचे, पन्नासच्या आसपास प्रायमर (जिथून नकल सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) चिकटवायचा, ७२ ला नवा धागा विणायचा. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होते, म्हणजे तीस फेऱ्यांत कागदोपत्री एकाच्या शंभर कोटींवर. मग जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणं वेगळे करणाऱ्या थरावर) पट्टा दिसतो का ते बघायचं, अक्षरं वाचून घ्यायची आणि जेनबँक किंवा बोल्ड या खुल्या संग्रहांशी ताडायची. इथं एक सावधगिरी हवी. संग्रहात आधी कुणी चुकीच्या नावानं नोंद टाकली असेल तर तुमचंही उत्तर चुकतं. म्हणून ज्या प्राण्याचा नमुना घेतला त्याचा फोटो आणि शक्य तिथं जतन केलेला नग ठेवावाच लागतो.

मराठवाड्यात जंगल नाही, पाऊस नाही. इथं जैवविविधतेचा अभ्यास करण्यासारखं आहे तरी काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा उत्तर ठरलेलं असतं. संशोधकही अनेक वर्षं सह्याद्रीकडं धावले. तिथल्या बेडकांच्या नव्या प्रजाती जनुकांवरून एकामागून एक जाहीर झाल्या. बालाघाटाच्या माथ्यावर, बीड-धाराशिवच्या माळावर तेवढं कुणी वाकून बघितलं नाही.

माळाबद्दल सरकारदरबारी नोंद ‘पडीक’ अशी असते. पूर्वी इथं दाट झाडी होती, ती माणसानं तोडली आणि उरला तो माळ, असा सर्वसाधारण समज. तो तपासायचा कसा? माळावरच राहू शकणाऱ्या प्राण्यांना विचारायचं. ऑफिसॉप्स नावाचे चिमुकले सरडे आहेत, सापासारखी न मिटणारी पारदर्शक पापणी असलेले. उघड्या गवताळ जमिनीवर सुसाट पळणारे. दाट झाडीत त्यांचं काम नाही. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतल्या संशोधकांनी भारतभरातल्या या सरड्यांचा जनुकीय वंशवृक्ष २०१७ मध्ये मांडला. त्यातून दिसलं की यांच्या फांद्या ५३ लाख वर्षांपूर्वी संपलेल्या मायोसीन काळाच्या उत्तरार्धापासून फुटत आल्या आहेत. म्हणजे उघडी गवताळ जमीन या देशात लाखो वर्षं आहे, माणसाच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीपासून. आमच्या मते मराठवाड्याच्या दृष्टीनं या विषयातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष. माळावर खड्डे खणून सरसकट झाडं लावण्याआधी वन विभागानं आणि सामाजिक संस्थांनी तो एकदा वाचावा.

दुसरं उदाहरण गळ्याला पंखा असलेल्या सरड्याचं. एप्रिल-मे मध्ये, ऊन रणरणत असताना, मुरमाड माळावर एखाद्या दगडावर नर चढून बसतो आणि गळ्याखालची घडी एकदम उघडतो : निळा, काळा, नारिंगी. दोन-तीन वेळा मान हलवली की घडी मिटते आणि तो पुन्हा मातीच्या रंगात दिसेनासा होतो. असे सगळे सरडे पूर्वी सिटाना या एकाच गटात टाकले होते. हाडं, रंग आणि जनुकं एकत्र बघितल्यावर कळलं की रंगीत, मोठ्या पंख्याचे सरडे वेगळ्या फांदीवरचे आहेत. २०१६ मध्ये त्यांचा स्वतंत्र गट केला आणि त्याला शास्त्रीय नाव दिलं ‘सरडा’.

आणि लांडगा. मेंढपाळ आणि लांडगा पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर राहत आलेत. भारतीय लांडगा हा इतर लांडग्यांचाच उन्हाळी अवतार, असं धरलं जायचं. आधी मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून आणि मग २०२१ मध्ये संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून दिसलं की जगातल्या हयात लांडग्यांमधल्या अगदी जुन्या फांद्यांपैकी ही एक आहे. आता त्याला दुसराच धोका आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जीनोमवरून सिद्ध झालं. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतो, तिथं मोकाट कुत्र्यांचे कळप वाढतात, हा प्रकार आपल्याकडंही नवा नाही.

लांडग्याला पकडून रक्त काढतात का?

सहसा नाही. विष्ठा पुरते. लांडगा पायवाटेच्या मधोमध विष्ठा टाकतो. वाळली की पांढुरकी होते, आत ससा-शेळीचे केस भरलेले. बाहेरच्या थराला लांडग्याच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. तो थर खरवडला की विष्ठा कुणाची हे कळतं, आणि आतल्या केसांवरून त्यानं काय खाल्लं ते. ऊन लागलं की डीएनए तुटतो, म्हणून सकाळी लवकर गोळा केलेला नमुना सोन्याच्या मोलाचा. पावसात भिजलेला सोडून दिलेला बरा.

देवणी आणि लाल कंधारी या वेगळ्या प्रजाती आहेत का?

नाहीत. दोन्ही एकाच प्रजातीतल्या, वशिंड असलेल्या झेबू गाई. माणसानं निवडीनं घडवलेल्या वेगळ्या जाती. देवणीतलेच वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार रंगावरून पडतात. उदगीर भागातला जुना पशुपालक ते लांबून सांगतो. रंग ठरवणारी जनुकं मोजकी असतात, त्यामुळे रंगात ठळक फरक दिसला तरी बाकी जीनोम जवळपास तोच असू शकतो.

खरा जुना फरक वशिंडवाल्या आणि बिनवशिंडाच्या गाईंत आहे. १९९४ मध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून दिसलं की हे दोन वंश काही लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. माणसानं गाय माणसाळवली ती फार तर दहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे रानगाईचे दोन वेगळे वंश दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे दावणीला आले : एक पश्चिम आशियात, दुसरा सिंधू खोऱ्याच्या बाजूला. आपल्या गोठ्यातली गाय त्या दुसऱ्या वंशाची.

आता आईकडून येणाऱ्या डीएनएची गंमत. आफ्रिकेतल्या कित्येक गाईंना वशिंड आहे, दिसायला झेबू, पण त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बिनवशिंडाच्या वंशाचा निघतो. कारण तिथं झेबू वळू नेले गेले आणि स्थानिक गाईंशी संकर होत गेला. आपल्या दारात हेच उलट्या बाजूनं चाललंय. होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या वीर्यकांड्या वापरून पिढ्या झाल्या. काळ्या-पांढऱ्या, वशिंड गेलेल्या गाईचा नुसता बारकोड वाचला तर तो बहुधा ‘देशी’ असंच सांगेल, कारण आईची आई, तिची आई देवणी किंवा गावरान. वडिलांकडून आलेला परदेशी हिस्सा कळायला केंद्रकातला डीएनए बघावा लागतो, सुमारे २७० कोटी अक्षरांचा. तो पूर्ण वाचायची गरज नसते. ठरावीक हजारो ठिकाणची अक्षरं तपासणाऱ्या चिपा मिळतात.

मग शुद्ध देवणी टिकवायची तर काय करावं?

जनुकशास्त्राचं उत्तर पशुपालकांना फारसं आवडत नाही : एकाच नावाजलेल्या वळूच्या मागं सगळा तालुका लागू नये. प्रदर्शनात पहिला आलेला वळू सर्वांना हवा असतो. काही वर्षांत त्याच्या मुली त्याच्याच मुलांना आणि नातवांना दाखवल्या जातात. गाई हजारो दिसतात, पण जनुकांच्या हिशेबात कळप मूठभरच उरतो. वासरं मरणं, भाकड काळ लांबणं, ही लक्षणं मागाहून येतात. वळूची वंशावळ वहीत लिहून ठेवणं आणि गावागावांत वळू अदलाबदल करणं, हे कोणत्याही चिपेपेक्षा स्वस्त पडतं. लाल कंधारी, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी यांनाही हेच लागू आहे.

मेंढीला जुळं होणं जनुकावर असतं का?

काही जातींत, हो. सुंदरबनातल्या गारोळ या बुटक्या मेंढीत फेक-बी नावाचा बदल आहे. त्यानं एका वेताला दोन-तीन कोकरं होतात. १७९२-९३ मध्ये बंगालातून ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या. तिथल्या बुरुला मेरिनो मेंढीतल्या जुळ्यांचं कोडं सुटायला मात्र २००१ साल उजाडलं. तो बदल बीएमपीआर-१-बी या जनुकात सापडला, आणि गारोळ मेंढीतही तोच निघाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तो संकरातून दख्खनी मेंढीत आणला; त्या वाणाचं नाव नारी सुवर्णा. आपल्याकडचे धनगर विचारतात, घ्यावी का? दोन कोकरांना पाजण्याइतका चारा आणि दूध असेल तर घ्यावी. दुष्काळी वर्षात एकच धडधाकट कोकरू बरं, हा त्यांचा जुना हिशेब जनुकं बदलली म्हणून चुकीचा ठरत नाही.

गावरान कोंबडीचे पाय पिवळे का?

कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. २०२० मध्ये शेकडो जीनोम तपासून तिचं मूळ आग्नेय आशिया आणि दक्षिण चीनच्या बाजूला दाखवलं गेलं. पण लाल रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. पिवळ्या कातडीचं जनुक २००८ च्या अभ्यासानुसार राखाडी रानकोंबड्याकडून आलं, म्हणजे आपल्या दक्षिण भारतातल्या, सह्याद्रीतही आरवणाऱ्या पक्ष्याकडून. जगभरच्या पोल्ट्रीत पिवळे पाय दिसतात, त्यांचा एक धागा असा इथं पोचतो. डार्विनचा अंदाज फक्त लाल रानकोंबड्याचा होता.

वाघ टिपेश्वरहून मराठवाड्यात येतात, याचा जनुकांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. टिपेश्वर यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगा ओलांडली की नांदेड. तिथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर २०१९ मध्ये हिंगोलीसह अनेक जिल्हे पायाखाली घालत १,३०० किलोमीटरवर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक गौताळ्यात पोचला, आणि २०२४ च्या अखेरीस आणखी एक येडशीच्या रामलिंग घाटात. यांना ओळखलं कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून, जनुकांवरून नव्हे. पण वाघ असा का भटकतो आणि भटकू शकला नाही तर काय होतं, हे जनुकं सांगतात.

ओडिशातलं सिमलीपाल बघा. तिथले वाघ बाकीच्यांपासून तुटले. टाकपेप जनुकातला एक विरळ बदल थोड्याशा वाघांतच फिरत राहिला आणि अंगभर काळे, जुळलेले पट्टे असलेले वाघ वाढले. हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. फोटोला सुंदर, पण लक्षण एकलकोंडेपणाचं. आपल्याकडं आलेल्या नरांची अडचण वेगळीच : आले, पण मादी नाही. जोडीदार मिळून पिल्लं होत नाहीत तोवर जनुकं पुढं जात नाहीत, वाघ किती का चालेना.

माळढोक परत येईल का?

सोलापूरच्या नान्नजला आणि लगतच्या माळावर पूर्वी तो दिसायचा. २०११ मध्ये देशभरातल्या नमुन्यांवरून त्याची जनुकीय विविधता फार कमी असल्याचं दिसलं. आता देशात साधारण दीडशे पक्षी उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि तिथं बंदिस्त पैदास चालू आहे. तिथले पक्षी उद्या इथं आणायचे ठरलं तरी माळ कुठं उरलाय हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

मांजरा काठी हत्ती-पाणघोड्याची हाडं सापडली. त्यांतून डीएनए मिळेल का?

आशा फार धरू नये. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या गाळात सापडलेले जीवाश्म हिमयुगाच्या काळातले आहेत, आणि पाणघोडा इथं डुंबत होता हे समजायला ती हाडं आणि दातच पुरेसे आहेत. डीएनए टिकतो तो थंडीत. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथचा दहा लाख वर्षांहून जुना डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला. उलट हरियाणातल्या राखीगढीत, जेमतेम साडेचार हजार वर्षं जुन्या साठहून अधिक सांगाड्यांच्या नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा जीनोम पुरेसा मिळाला. मराठवाड्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला कारण वेगळं सांगायला नको.

देशी गाईचं ए२ दूध जनुकांमुळे वेगळं असतं का?

हो. बीटा-केसिन या प्रथिनातलं ६७ वं अमिनो आम्ल ए२ मध्ये प्रोलीन, ए१ मध्ये हिस्टिडीन. झेबू गाईंत बहुतांशी ए२च आढळतं. त्यापुढचे आरोग्याचे जे दावे दुप्पट भावासोबत येतात, ते सिद्ध झालेले नाहीत.

शेतात मेलेला किंवा अनोळखी प्राणी सापडला तर नमुना पाठवू का?

वन्यप्राण्याला हात लावू नका, मेलेला असला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय त्याचा कोणताही भाग जवळ ठेवणं गुन्हा ठरू शकतो. फोटो काढा, जागा आणि वेळ टिपा, वनरक्षकाला कळवा. शिकारीच्या प्रकरणात वन विभाग मांस किंवा केस हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. सायटोक्रोम-बी जनुकाचा तुकडा वाचून ते हरणाचं की बोकडाचं हे तिथं ठरतं, आणि तो अहवाल न्यायालयात चालतो. गावच्या जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते, तिच्यातही नोंद करायला सांगा. बऱ्याच गावांत ती एकदाच भरून कपाटात गेलेली आहे.

मुलीला या विषयात पुढं जायचंय. सुरुवात कुठून?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधलं पहिलंच प्रकरण आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचं आहे. ते पाठ करण्याऐवजी समजून घेऊ द्या. पुढं बीएस्सीला प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, किंवा परभणी-उदगीरचं पशुवैद्यक, दोन्ही रस्ते इथं येतात. थोडं सांख्यिकी आणि संगणकावर प्रोग्रॅमिंग हवंच. आज या क्षेत्रात अडतं ते बहुधा तिथंच. प्रयोगशाळा नसली तरी थांबायचं कारण नाही. जेनबँकेतली माहिती फुकट आहे. लांडगा, कोल्हा, खोकड आणि गावातला कुत्रा यांचा सायटोक्रोम-बी उतरवून घ्यायचा, मेगा नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओळीनं लावायचा आणि झाड काढायचं. झाडात कोल्हा कुत्र्याजवळ बसतो की खोकडाजवळ, हे आधी कागदावर लिहून ठेवायला सांगा.